रॉबर्ट हूड यांचा 'मिनिमल नेशन' आणि लेहऱ्याला सरावलेला आपला कान

गोदाकाठ

नमस्कार. अमेरिकेतील डेट्रॉइटचे संगीतकार रॉबर्ट हूड यांचा 'मिनिमल नेशन' हा अल्बम १९९४ साली जेफ मिल्स यांच्या 'ॲक्सिस' या लेबलवर प्रसिद्ध झाला. ज्या मोजक्या ध्वनिमुद्रणांनी मिनिमल टेक्नो या प्रकाराचा, म्हणजे मोजक्याच आवाजांतून यंत्रांवर रचलेल्या नृत्यसंगीताचा, पाया घातला, त्यांत त्याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. इलेक्ट्रॉनिक संगीताविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा यंत्रांच्या किमती आणि कार्यक्रमांच्या तारखा यांच्यापुढे जात नाही. एकाच अल्बमवर थांबून, तो कसा रचला आहे आणि आपण तो कोणत्या कानाने ऐकतो, यावर सविस्तर बोलावे या इच्छेने हा धागा काढत आहे.

नाशिकमध्ये 'डीजे' म्हटले की मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांची भिंत डोळ्यांपुढे येते आणि यंत्रावर केलेले संगीत म्हणजे छातीत धडधड निर्माण करणारा गोंगाट, असे बहुतेकांना वाटते. ज्या अनुभवातून हे मत बनते तो अनुभव खराच आहे. 'मिनिमल नेशन' मात्र त्याच यंत्रांच्या कुळातून येऊन अगदी दुसऱ्या टोकाला जातो. यातील एखादी रचना घ्या: दर ठोक्याला पडणारी किक (ढोलासारखा जड आवाज), दोन किकच्या मधोमध पडणारा हाय-हॅट (झांजेसारखा आवाज), एखादी टाळी आणि सिंथेसायझरची दोन-चार स्वरांची आखूड आकृती, एवढाच सगळा ऐवज असतो. शब्द नाहीत, धृपद-कडवे नाही, भावनेला हात घालणारी सुरावट नाही. जे आहे ते सहा-सहा मिनिटे चालते.

हे असे का केले, हे कळण्यासाठी थोडा इतिहास हवा. हूड हे 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या डेट्रॉइटच्या गटात माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांच्याबरोबर सुरुवातीच्या काळापासून होते. या तिघांचा 'एक्स-१०१' हा अल्बम १९९१ मध्ये बर्लिनच्या 'ट्रेझॉर' लेबलचे पहिले प्रकाशन ठरला. त्यानंतरच्या वर्षांत युरोपातील रेव्ह, म्हणजे रात्रभर चालणारे नृत्यमेळे, फोफावले, गती वाढत गेली आणि रचनांमध्ये एकावर एक थर चढत गेले. हूड यांनी त्या गर्दीला उत्तर म्हणून टेक्नोचा सांगाडा उघडा करून दाखवला. डेट्रॉइटच्या संगीतात जो झुलता ठेका मुळात होता, तो आवाजांच्या ढिगाऱ्याखाली गाडला गेला आहे आणि ढिगारा उपसला तरच तो पुन्हा ऐकू येईल, अशी ही भूमिका होती. 'मिनिमल नेशन'च्याच वर्षी 'ट्रेझॉर'वर त्यांचा 'इंटर्नल एम्पायर' आला आणि स्वतःचे 'एम-प्लांट' हे लेबलही त्यांनी त्याच वर्षी सुरू केले.

आता माझा मुख्य मुद्दा मांडतो. मराठी श्रोत्याला हे संगीत परके वाटण्याचे खरे तर कारण नाही, कारण आपण लेहरा ऐकत आलो आहोत. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर सोळा मात्रांची एकच ओळ तास-तासभर वाजत राहते. तबलावादक पेशकार, कायदा, रेला, गत-तुकडे असा प्रवास करतो आणि लेहरा काळ मोजत राहतो. आपले लक्ष तबल्याकडे असावे हाच संकेत असल्याने लेहऱ्याकडे कोणी कान देत नाही. पण ज्यांनी कधी चुकून दिला असेल त्यांना आठवेल की चांगला लेहरेदार ती ओळ दोनदा अगदी सारखी वाजवत नाही. एखाद्या स्वरावर किंचित रेंगाळणे, समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी भाता थोडा दाबणे, असे सूक्ष्म फरक तो करत राहतो. 'मिनिमल नेशन'मध्ये तबला काढून घेतला आहे आणि लेहऱ्याला मंचाच्या मध्यभागी बसवले आहे, असे मला वाटते. सिंथेसायझरची आकृती बदलत नाही, पण आवाजाची धार कमी-जास्त करणारा फिल्टरचा नॉब हाताने हळूहळू फिरत राहतो आणि तेच स्वर कधी बोथट, कधी धारदार होत जातात. ज्याला आपण पार्श्वभूमी समजत होतो, तीच येथे विषय झाली आहे.

ही तुलना कितपत टिकते, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

विलंबित

धागा उत्तम आहे. तबला शिकणारा म्हणून लिहितो. लेहऱ्याची तुलना ऐकायला आकर्षक असली तरी माझ्या मते अपुरी आहे. या अल्बमला जवळचे काही आपल्याकडे असेल, तर ते कायदा, म्हणजे ठरावीक बोलांचा नियमबद्ध विस्तार, आहे.

कायद्याचा नियम सगळ्यांना ठाऊक असेलच असे नाही, म्हणून सांगतो. दिल्ली घराण्याचा शिकवणीत पहिल्यांदा येणारा कायदा घ्या: 'धा धा ते टे धा धा तू ना, ता ता ते टे धा धा धी ना'. पुढचा सगळा विस्तार, म्हणजे जितके पलटे (बदललेले क्रम) कराल ते सर्व, या मुखात, म्हणजे मूळ ओळीत, असलेल्या बोलांतूनच करायचे असतात. मुखात 'तिरकिट' नसेल तर पलट्यात 'तिरकिट' आणता येत नाही. नवे काही आणायचे नाही आणि तरीही कंटाळा येऊ द्यायचा नाही, ही कायद्याची परीक्षा असते. हूड यांनी स्वतःवर जे बंधन घालून घेतले आहे, ते याच जातीचे आहे. सुरुवातीला चार आवाज निवडले की पुढे सहा मिनिटे त्यांच्याच आधारावर उभे राहायचे.

दुसरी गोष्ट भरी-खालीची. कायद्याच्या पहिल्या अर्ध्या भागात बायाँचा, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्याचा, गुंजणारा नाद असतो (भरी) आणि दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला तो काढून घेतला जातो (खाली). बोलांचा आकार तोच राहतो, फक्त खालचा घुमारा जातो, आणि त्यामुळे तो परत आला की जमीन पायाला लागल्यासारखे वाटते. टेक्नोमध्ये किक काढून घेणे आणि पुन्हा आणणे हे माझ्या कानाला खालीसारखेच लागते. फरक इतकाच की तालात खालीची जागा ठरलेली असते, नवव्या मात्रेला ती येणारच. येथे ती केव्हा येईल हे रचनाकाराच्या मनावर असते, म्हणून श्रोता सावध राहतो.

जेथे दोन्ही तुलना संपतात ती जागा समेची. आपल्या संगीतात आवर्तन समेकडे चाललेले असते. तिहाई, चक्रदार (तीनदा वाजवून समेवर आणणाऱ्या रचना) हे सगळे समेवर येण्याचे उत्सव आहेत. मिनिटाला १३० ठोक्यांच्या गतीला सोळा पायऱ्यांचे, म्हणजे चार ठोक्यांचे, एक आवर्तन दोन सेकंदांच्या आत संपते. सहा मिनिटांच्या रचनेत अशी जवळपास दोनशे आवर्तने होतात. इतक्या वेळा आणि इतक्या लवकर येणाऱ्या समेची ओढ लागत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याचे मन पुढच्या क्षणाकडे धावणे सोडून देते. मला हा अल्बम आवडतो तो या कारणाने, आणि याच कारणाने तो मला आपल्या कोणत्याही वादनप्रकारापेक्षा वेगळा वाटतो.

सातपूरकर

दोन्ही प्रतिसाद वाचले. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून सुटे भाग बनवण्याच्या विभागात) काम करतो आणि हे संगीत गेली बरीच वर्षे ऐकतो आहे. एका गोष्टीवर लिहावेसे वाटते.

डेट्रॉइट टेक्नोबद्दल काहीही वाचायला घेतले की एक वाक्य हमखास भेटते, की मोटारींच्या कारखान्यांचा आवाज या संगीतात उतरला आहे. फोर्डने हायलंड पार्कच्या कारखान्यात १९१३ मध्ये फिरती जुळणी-रांग सुरू केली, डेट्रॉइट मोटारींचे शहर झाले, म्हणून त्याचे संगीतही यंत्रासारखे, अशी ही मांडणी असते. ज्यांनी प्रेस शॉपमध्ये एक पाळी काढली आहे, त्यांना ती पटणे कठीण आहे. आमच्याकडे एका छपराखाली अनेक पॉवर प्रेस चालतात आणि प्रत्येकीचे मिनिटाचे स्ट्रोक वेगळे असतात. एक पन्नासने चालते, दुसरी पासष्टने, तिसरी माणूस पेडल दाबेल तेव्हा. त्यांचे ठोके एकमेकांवर येतात, सरकतात, पुन्हा दूर जातात. त्यात ठेका शोधू गेलात तर सापडत नाही, कारण त्यांचे घड्याळ एक नाही. 'मिनिमल नेशन'मध्ये सगळी यंत्रे एकाच घड्याळाला बांधलेली आहेत आणि कुठला ठोका कुठे पडावा हे एका माणसाने ऐकून ठरवले आहे. ते नाचणाऱ्या माणसाच्या पायाचे गणित आहे.

माझ्या मते कारखान्याचा संबंध आवाजात शोधण्यापेक्षा शहरात शोधावा. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० साली साडेअठरा लाख होती आणि १९९० साली ती सव्वादहा लाखांवर आली. कामे गेली, माणसे गेली, इमारती राहिल्या. हूड यांचा जन्म १९६५ चा आहे, म्हणजे हे रिकामे होणे त्यांनी वाढत्या वयात पाहिले. जे शिल्लक आहे तेवढ्यावर उभे राहायचे, ही सवय अशा शहरातल्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नसेल. आपल्या शहरातही सातपूर आणि अंबडच्या कंपन्यांवर गल्लीच्या गल्ल्या जगतात. मोटारींचा धंदा मंदावला की सुट्या भागांच्या लहान कारखान्यांत आधी एक पाळी बंद होते आणि मग रस्त्यावरची चहाची टपरी ओस पडते. म्हणून 'डेट्रॉइटचे संगीत' हे शब्द वाचताना मला परदेश आठवत नाही.

नवीन_श्रोता

विषय नवा आहे, पण वाचताना उत्सुकता वाटली. या अल्बममधील 'राइड' ही रचना फोनवर लावून पाहिली. फार पोकळ वाटली. कोठून सुरुवात करावी आणि कशी ऐकावी, हे कोणी सांगेल का?

गोदाकाठ

नवीन_श्रोता, फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकूच नये, असे मी आग्रहाने सांगेन. किकच्या घुमाऱ्याचे मुख्य वजन ५०-६० हर्ट्झच्या आसपास असते आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तो खर्ज जवळजवळ बाहेरच येत नाही. ज्या रचनेत सगळे मिळून चार घटक आहेत, तिच्यातला सर्वांत जड घटक नाहीसा झाला तर उरलेले पोकळ वाटणारच. थरांवर थर असलेले चित्रपटगीत फोनवर निभावून जाते, मिनिमल टेक्नो निभावत नाही. साधे पण कान झाकणारे हेडफोन घ्या, आवाज मध्यम ठेवा आणि 'म्युझियम'पासून सुरुवात करा. रचना मध्येच सोडू नका. पहिल्या दीड मिनिटात काही घडत नाही असे वाटेल, तेव्हा फक्त हाय-हॅटकडे लक्ष द्या आणि सिंथेसायझरची आकृती आपोआप ऐकू येऊ द्या. नंतर उलट करा.

विलंबित, खालीचा मुद्दा फार मोलाचा आहे आणि त्यावर पुन्हा लिहीन. लेहऱ्याची बाजू मात्र मी सोडणार नाही. कायद्यात विस्तार बोलांच्या क्रमाचा असतो, म्हणजे मांडणी बदलत जाते. हूड यांच्या रचनांमध्ये क्रम बहुतांशी तसाच राहतो आणि बदलतो तो नादाचा पोत. ओळ तीच ठेवून तिचा रंग बदलणे हे काम लेहरेदाराचे आहे.

खाचरेघ

तबकड्या जमवणारा म्हणून थोडी यांत्रिक भर घालतो, कारण या अल्बमचे स्वरूप त्याच्या साधनांतून आले आहे आणि ती साधने समजली की वरचा वादही वेगळा दिसतो.

पहिले साधन रोलँडचे टीआर-९०९. हे तालयंत्र १९८३ मध्ये आले, सुमारे दहा हजार नग बनले आणि बाजारात न चालल्याने दोनेक वर्षांत बंद झाले. म्हणूनच ते वापरलेल्या मालाच्या दुकानांत डेट्रॉइट-शिकागोच्या तरुणांच्या हाती लागले. त्यावर सोळा बटणांची एक रांग आहे. जेथे ठोका हवा ते बटण दाबायचे, आणि रांग संपली की यंत्र पुन्हा पहिल्यावर येते. आवर्तनाची कल्पना यंत्राच्या दर्शनी भागावरच कोरलेली आहे.

दुसरे साधन जूनो २ हा सिंथेसायझर. हूड यांनी आपल्या शैलीची सुरुवात सांगताना त्यावर सापडलेल्या एका कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाच्या) आवाजाचा उल्लेख केलेला आहे. या यंत्रात कॉर्ड स्मृतीत साठवण्याची सोय आहे: एकदा तीन-चार स्वर साठवले की पुढे एका पट्टीवर बोट ठेवले तरी तो पूर्ण समूह वाजतो, आणि बोट सरकवले तर समूह जसाच्या तसा वर-खाली सरकतो. पाश्चात्त्य संगीतात एका कॉर्डकडून दुसरीकडे जाताना स्वर आपापल्या वाटेने जातात आणि त्यातून ताण व सुटका निर्माण होते. येथे सगळे स्वर एका दांडीला बांधल्यासारखे एकत्र हलतात, त्यामुळे हार्मनीची, म्हणजे कॉर्डच्या बदलातून घडणारी, गोष्ट पुढे सरकत नाही. ती कॉर्ड एखाद्या वाद्याच्या विशिष्ट नादासारखी ऐकू येते. हार्मनीच्या गतीची सवय नसलेल्या आपल्या कानाला हे सोपे का जाते, याचे एक कारण मला येथे दिसते.

आता तबकडीविषयी. 'मिनिमल नेशन'च्याच वर्षी 'ॲक्सिस'वर जेफ मिल्स यांची 'सायकल ३०' ही तबकडी आली. तिच्या एका बाजूला बंद खाचा आहेत. नेहमीची खाच सर्पिलासारखी आत जाते. बंद खाच वर्तुळ पूर्ण करून स्वतःलाच मिळते, त्यामुळे सुई उचलेपर्यंत तोच तुकडा वाजत राहतो. आता गणित पाहा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरणारी तबकडी एक फेरी १.८ सेकंदांत पूर्ण करते. त्या एका फेरीत चार ठोके नेमके बसवायचे असतील तर गती मिनिटाला १३३⅓ ठोके येते. टेक्नोची नेहमीची गती याच परिसरात आहे. म्हणजे या पिढीच्या हाती जी दोन यंत्रे होती, तालयंत्र आणि तबकडी, ती दोन्ही वर्तुळ काढणारी होती आणि दोन्ही वर्तुळे साधारण एकाच मापाची होती.

म्हणून लेहरा की कायदा, यावर माझे उत्तर असे की आधी वर्तुळ आले आणि मग त्यात काय ठेवायचे हा प्रश्न आला. हूड यांचे मोठेपण कमीत कमी काय ठेवावे याच्या निवडीत आहे.

विलंबित

खाचरेघ यांची आकडेमोड वाचून आनंद झाला. १.८ सेकंदांच्या आवर्तनाला आम्ही अतिद्रुत म्हणू. वादनाच्या शेवटच्या 'झाला' या जलद भागात सतारवादक एवढ्या गतीला पोहोचतो तेव्हा कार्यक्रम संपत आलेला असतो. येथे कार्यक्रम त्या गतीने सुरू होतो आणि तिथेच थांबून राहतो. मला वाटते की त्यामुळेच ऐकणारा कान अर्ध्या किंवा पाव गतीने ऐकू लागतो: प्रत्येक ठोका न मोजता आठ-आठ आवर्तनांचा एक मोठा तुकडा धरतो. त्या मोठ्या तुकड्यांच्या सीमेवर हूड काही तरी घालतात किंवा काढतात. वरून द्रुत आणि आतून विलंबित अशी ही रचना आहे.

मारवा

मी थोडा विरोधी सूर लावतो. 'मिनिमल नेशन'चे ऐतिहासिक महत्त्व मान्य आहे, परंतु ऐकण्याचा अनुभव म्हणून तो मला कोरडा वाटतो. त्याच्या चार वर्षांनंतर, १९९८ साली, रिची हॉटिन यांनी 'प्लास्टिकमन' या नावाने 'कन्झ्यूम्ड' हा अल्बम काढला. माझ्या मते मिनिमलची खरी खोली तेथे आहे. हॉटिन डेट्रॉइट नदीच्या पलीकडच्या तीरावर, कॅनडातील विंडसरच्या बाजूला वाढले. नदी ओलांडली की डेट्रॉइट. १९९५ मध्ये त्यांना अमेरिकेच्या सीमेवर अडवण्यात आले आणि बराच काळ पलीकडे जाता आले नाही. ज्या शहराच्या नृत्यघरांत त्यांचे संगीत घडले, ते समोर दिसते पण तेथे जाता येत नाही, अशा काळानंतरचा हा अल्बम आहे.

'कन्झ्यूम्ड'मध्ये किक असते, पण ती दूर कुठेतरी, भिंतीपलीकडे वाजावी तशी असते. प्रत्येक आवाजाला लांब घुमारा आहे आणि दोन आवाजांच्या मधले अंतर हाच ऐकण्याचा विषय होतो. पांडवलेण्यांतील चैत्यगृहात एखादा शब्द उच्चारून तो विरेपर्यंत थांबलेल्या माणसाला मी काय म्हणतो ते समजेल. हूड यांच्या आवाजांना असा अवकाशच नाही. सगळे कानाजवळ, कोरडे आणि टोकदार.

आणखी एक गोष्ट. २०२२ साली चिली गोन्झालेस या पियानोवादकाने 'कन्झ्यूम्ड'च्या मूळ ध्वनिमुद्रणावर पियानो वाजवून 'कन्झ्यूम्ड इन की' हा अल्बम तयार केला. जुन्या अल्बममध्ये इतकी जागा शिल्लक होती की चोवीस वर्षांनी एक पूर्ण वाद्य त्यात सामावून गेले. 'मिनिमल नेशन'वर असे काही करून पाहा, ते शक्य होणार नाही.

गोदाकाठ

मारवा, आपण दिलेले उदाहरण मला 'मिनिमल नेशन'च्या बाजूचे वाटते. त्यात भर घालता येत नाही याचे कारण असे की सर्व जागा भरलेल्या आहेत, आणि त्या केवळ चार घटकांनी भरलेल्या आहेत. किक सोडते तेथे हाय-हॅट येतो, हाय-हॅट सोडतो तेथे सिंथेसायझरची आकृती बोलते. एखादा घटक काढला तर तोल जातो आणि एखादा घातला तर कोणीतरी कोणाच्या तरी पायावर पाय देते. 'कन्झ्यूम्ड' मलाही प्रिय आहे, पण त्यातील अवकाश बराचसा घुमाऱ्याने निर्माण केलेला आहे, आणि घुमारा हा स्वतःच एक थर असतो. हूड यांनी तोही आधार घेतलेला नाही. कोरडेपणा हा त्यांनी पत्करलेला धोका आहे: लपायला जागा ठेवली नाही, म्हणून प्रत्येक ठोका नेमका पडणे भाग झाले.

टिपरू

मी ढोल-ताशा पथकात ढोल वाजवतो. वरची चर्चा अतिशय अभ्यासपूर्ण आहे, परंतु सगळे जण बसून ऐकण्याविषयीच लिहीत आहेत याचे आश्चर्य वाटते. हे नाचण्यासाठी केलेले संगीत आहे आणि ते अंगाला काय करते याबद्दल कोणी काहीच लिहिलेले नाही.

नाशिक ढोल या नावाने आपले वादन महाराष्ट्रभर ओळखले जाते. ज्यांनी कमरेला ढोल बांधला आहे त्यांना माहीत आहे की एक हात (वाजवण्याचा ठरलेला ठेका) लागला की तो पंधरा-वीस मिनिटे बदलत नाही. हाताची थापी आणि काठीचे टिपरू, थापी आणि टिपरू, चाळीस-पन्नास ढोल एकाच वेळी. पहिली काही मिनिटे वादक मोजत असतो, शेजाऱ्याकडे पाहत असतो. मग मोजणे थांबते. हात चालू असतात आणि कान मोकळा होतो. त्या अवस्थेत ताशाची एक तर्री (जलद ठोक्यांची सर) किंचित वेगळी आली तरी ती संपूर्ण पथकाच्या अंगातून जाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की हे लोक केव्हापासून तेच वाजवत आहेत. आतल्या माणसाला प्रत्येक आवर्तन वेगळे लागत असते. 'मिनिमल नेशन' मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हीच आतली जागा मला त्यात ओळखता आली. आवाजाच्या पातळीने आम्ही आणि हूड दोन टोकांवर आहोत, हे मान्य. ढोलाचा आवाज वस्तीत किती वेळ आणि किती मोठा असावा, यावर पथकांनी विचार करायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. पण पुनरावृत्ती माणसाच्या शरीराशी काय करते, हे ज्याने वाजवले आहे किंवा जो नाचला आहे त्याला जितके समजते, तितके हेडफोन लावून समजणार नाही.

सातपूरकर यांनी 'नाचणाऱ्या माणसाच्या पायाचे गणित' असे लिहिले आहे. या धाग्यातील मला सर्वांत पटलेले वाक्य ते आहे.

त्र्यंबकवाट

टिपरू यांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला निघते तेव्हा दिंडीत 'ज्ञानोबा-तुकाराम' हा गजर किती वेळ चालतो, हे चाललेल्यांनाच ठाऊक. दोन नावे, टाळ आणि पखवाज. लय हळूहळू चढत जाते आणि पायांनी ती कधी धरली हे कळत नाही. हा भक्तीचा प्रकार आहे आणि तो नृत्यघरातील संगीताशी जोडणे काहींना रुचणार नाही, याची जाणीव ठेवून लिहीत आहे. पण हूड हे स्वतः दीक्षित ख्रिस्ती धर्मोपदेशक आहेत, आणि 'फ्लोअरप्लॅन' या नावाने आपली कन्या लिरिक हिच्यासह ते जे संगीत करतात, त्यात गॉस्पेल या ख्रिस्ती भक्तिगायनाचे तुकडे याच ठेक्यावर पुन्हा पुन्हा येतात. एकच ओळ आळवत राहण्यामागे त्यांच्याही मनात उपासना आहे, हे तेथे उघड होते. 'मिनिमल नेशन'मध्ये शब्द नाहीत, परंतु पुढे शब्द आले तेव्हा ते चर्चमधून आले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

नवीन_श्रोता

हेडफोन लावून 'म्युझियम' ऐकली. पुष्कळ फरक पडला. एक शंका आहे. भारतात असे संगीत कोणी केले आहे का? चरणजित सिंग यांचे नाव कोठेतरी वाचले होते.

खाचरेघ

होय. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाजवणारे वादक होते. त्यांनी १९८२ साली 'सिंथेसाइझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी काढली. त्यात रोलँडचे टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही तीन यंत्रे वापरून भैरवी, ललत, मेघमल्हार असे राग वाजवले आहेत. त्या वेळी तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली तेव्हा जगभरच्या श्रोत्यांना धक्का बसला, कारण टीबी-३०३ चा तो घसरत जाणारा आवाज शिकागोच्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीतात रूढ व्हायच्या कित्येक वर्षे आधी तिच्यात ऐकू येतो.

मात्र तिला मिनिमल म्हणता येणार नाही. ठेका आणि खर्जाची ओळ एकसुरी ठेवलेली आहे हे खरे, पण ती रागाच्या आलापीसाठी अंथरलेली बैठक आहे. सतत बदलणारी सुरावट वरून चाललेली असते. गोदाकाठ यांच्या भाषेत सांगायचे तर तेथे लेहरा लेहऱ्याच्या जागीच आहे.

मारवा

'कन्झ्यूम्ड'बद्दलचे माझे मत तेच आहे, पण गोदाकाठ यांच्या 'सर्व जागा भरलेल्या आहेत' या निरीक्षणावर काल 'रिदम ऑफ व्हिजन' पुन्हा ऐकली. मला तरीही असे वाटते की भरलेली जागा आणि मोकळी जागा यांपैकी श्रोत्याला आत यायला वाव देते ती मोकळी. हूड यांच्या रचनेसमोर मी उभा राहतो. हॉटिन यांच्या रचनेत मी शिरतो.

टिपरू

मारवा, समोर उभे राहू नका, नाचून पाहा. हे मी मनापासून सुचवत आहे. 'युनिक्स' लावा, घरात कोणी नसेल तेव्हा लावा, आणि दोन्ही पाय किकवर ठेवून खांदे हाय-हॅटवर सोडा. आत यायची वाट तेथे आहे.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. दोन सूचना करतो. 'मिनिमल नेशन' २००९ साली हूड यांच्याच 'एम-प्लांट'वर पुन्हा प्रकाशित झाला, तेव्हा ज्यांना तबकडी शोधायची आहे त्यांनी १९९४ च्या प्रतीच्या मागे न लागता त्या प्रकाशनाचा शोध घ्यावा. दुसरे असे की विलंबित यांनी मांडलेला खालीचा मुद्दा प्रत्यक्ष रचनांवर तपासून पाहण्यासारखा आहे. 'इंटर्नल एम्पायर' त्याच वर्षीचा असल्याने दोन्ही शेजारी ठेवून ऐकावेत, आणि किक कोठे निघून जाते, किती आवर्तनांनी परत येते आणि मधल्या काळात कोणता घटक तोल सांभाळतो, याची प्रत्येकाने एकेका रचनेची टिपणे येथे लिहावीत. मी 'स्टेशन रायडर ई' घेतो. विलंबित यांनी 'वन टच' घ्यावी, असे सुचवतो.

विलंबित

'वन टच' घेतली. आवर्तनांचा हिशेब बोलांत लिहू की सोळा चौकटींत?

खाचरेघ

चौकटींत लिहावा. ९०९ ची रांग तशीच असल्याने ताडून पाहणे सोपे जाईल. भरी-खालीच्या खुणा वर द्याव्यात. 'राइड' माझ्याकडे.